मेजर खराडे कामावर आहेत

मेजर खराडे पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी तपकिरी कागदी पिशवीतून चार बाटल्या काढल्या, माझ्या ओट्यावर उंचीप्रमाणे रांगेत उभ्या केल्या आणि मला म्हणाले, "वहिनी, चार ग्लास मिळतील का? एकसारखे असले तर बरं."

ओट्याच्या वरच्या कपाटात माझे देव होते. मी आधी पुढे होऊन त्या कपाटाचं दार लावून घेतलं. मग ग्लास दिले. पाहुणा पहिल्यांदा आलेला, त्यातून सैन्यातला, आणि सव्वासहा फूट उंच. नाही कसं म्हणायचं?

त्यांनी प्रत्येक ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. एकेक ग्लास दिव्यासमोर धरला, हलवला, नाकाशी नेला. मग दोन घोट घेतले. मोजून दोन. खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी लिहिलं. असं चार वेळा झालं. आणि मग या माणसानं काय करावं? चारही बाटल्या, जवळजवळ भरलेल्या, माझ्या सिंकमध्ये उपड्या केल्या, वरून नळ सोडला आणि रुमालानं मिशा पुसल्या.

मी पुण्यात वाढलेली. घरात कुणी घेतलेली कधी पाहिली नव्हती, त्यामुळे बाटल्या बघूनच मला घाम फुटला होता. पण विकत आणलेली वस्तू अशी मोरीत जाताना पाहणं हा त्याहून मोठा धक्का होता. पिणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हे मला ठाऊक होतं. ओतून देणाऱ्याला काय म्हणायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

"हे काय, मेजरसाहेब?" मी कसंबसं विचारलं.

"काही नाही वहिनी. पीत नाहीये मी. कामावर आहे," ते म्हणाले आणि पानावर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी अकरा पोळ्या खाल्ल्या. तो तिसरा धक्का, पण तो मला मनापासून आवडला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही कॅन्ससमध्ये एका लहान गावात राहत होतो. आमचे हे तिथल्या इस्पितळात हाडांचे डॉक्टर. गावाबाहेर अमेरिकन सैन्याची एक मोठी शाळा होती आणि तिथे देशोदेशीचे अधिकारी वर्षभराच्या कोर्सला येत. मेजर आनंदराव खराडे भारतीय सैन्यातर्फे आलेले. येऊन महिना होतो न होतो तोच धावताना त्यांचा पाय मुरगळला आणि ते ह्यांच्या टेबलावर जाऊन पडले. ह्यांनी घोटा दाबला तेव्हा इतका वेळ इंग्रजीतून उत्तरं देणारा पेशंट एकदम "आई गं!" म्हणाला. ह्यांना इतका आनंद झाला की प्लास्टर बाजूला ठेवून आधी त्यांनी घरी फोन लावला. "अगं, आई गं म्हणाला! सातारकडचा आहे. रविवारी जेवायला आणतो."

तर असे ते आले. आणि पोळ्या झाल्यावर, ताक पिता पिता, त्यांनी त्या चार बाटल्यांचा उलगडा केला.

"आमचे वडील, अण्णा. सुभेदार म्हणून रिटायर झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. थंडी, चिखल, त्यात ताप भरला. एका डोंगरातल्या घरात दोन दिवस पडून होते. त्या घरात एक बाई. तिचा मुलगा पण लढाईवर गेलेला. तिनं अण्णांचे मोजे चुलीवर वाळवले आणि मातीच्या मोग्यातनं द्राक्षाची दिली. अण्णा माळकरी हो. आयुष्यात शिवले नव्हते. पण त्या बाईला नाही म्हणवेना. तिसऱ्या दिवशी पहाटे पलटणीला हुकूम आला आणि हे निघाले. तिची भाषा येत नव्हती, त्यामुळं आभारसुद्धा मानले नाहीत. झालं. एवढंच."

"मग?"

"मग चाळीस वर्षं तोंडाला लावली नाही. आणि आता म्हणतात तसली एकदा पाहिजे."

मेजर अमेरिकेला निघाले तेव्हा अण्णांच्या हृदयानं जवळजवळ राजीनामा दिलेला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. मेजर कोर्स सोडायला निघाले, तर अण्णांनी बिछान्यातून हुकूम सोडला: जायचं. वर म्हणाले, "तिकडं सगळ्या मुलखाची माणसं राहतात म्हणं. इटलीची पण असतील. त्या बाईच्या घरची होती तसली शोध. घेऊन ये. एक घोट घेतला की मी मोकळा."

मेजरांची बायको अण्णांपाशी गावी राहिली आणि मेजर एकटे इकडे आले, दहा महिन्यांत एका म्हाताऱ्याच्या जिभेवरची चव शोधायला. ते हे सगळं इतक्या साध्या आवाजात सांगत होते की मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

पण रागवायला पुढे भरपूर संधी मिळाली.

मेजरांची कामाची पद्धत अशी. दर महिन्याला दोनतीन नमुने. प्रत्येक नमुन्याला क्रमांक. पहिल्या घोटाची नोंद वेगळी, दुसऱ्याची वेगळी. तिसरा घोट कधीही नाही, कारण "तिसऱ्या घोटाला माणूस साक्षीदार राहत नाही, आरोपी होतो." नमुना घेतला की गाडीला हात लावायचा नाही, मग ह्यांनी त्यांना घरी सोडायचं. आणि रात्रीच्या आत अण्णांना हवाईपत्र. "अण्णा, नमुना क्रमांक सात. पहिला घोट, ओल्या गोणपाटाचा वास. दुसरा घोट, कच्चं कवठ. रंग जुन्या विटेचा. आपला आज्ञाधारक."

अण्णांचं उत्तर यायला तीन आठवडे लागत. ते आलं की मेजर आमच्याकडे येऊन मोठ्यानं वाचत.

"नमुना क्रमांक तीन. बाटलीला चिठ्ठी होती असं लिहितोस. मग ही नव्हे. त्या बाईच्या बाटलीला चिठ्ठी नव्हती."

"नमुना क्रमांक पाच. गोड आहे म्हणतोस. ही नव्हे. ती बाई गोड नव्हती."

"नमुना क्रमांक सहा. तुझ्या अक्षरावरून दिसतं की तुलाच पसंत नाही. मग मला कशाला विचारतोस?"

मी थक्क झाले. "अहो, पण चव न घेता ते नापास कसे करतात?"

"अण्णा आहेत ते," मेजर अभिमानानं म्हणाले. "मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा पेपर न बघता मला म्हणाले होते, बघू, पुढच्या वेळी नीट अभ्यास कर. मला फर्स्ट क्लास होता."

एकदा त्यांनी मला जुनी पत्रंही दाखवली. सैन्यात गेल्यापासून वडिलांचं पत्र म्हणजे तीन ओळी. पाऊस बरा आहे, म्हैस व्यायली, आशीर्वाद. आता मात्र पान भरून मजकूर, कडेलासुद्धा उभा लिहिलेला, आणि शेवटी दरवेळी एकच वाक्य: पुढचा नमुना लवकर कळव, पोस्टमन रोज रिकामा येतो.

नवव्या नमुन्याच्या सुमारास अण्णांना एक नवीनच गोष्ट आठवली. "विचार करता असं वाटतं की वर फेस होता."

"फेस?" मी ह्यांना म्हटलं. "चाळीस वर्षं नव्हता, आणि आता फेस?"

"येतो कधी कधी," हे म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांना स्मरणशक्तीतलं काही कळत नाही.

मेजरांनी मात्र हुकूम शिरसावंद्य मानला. फेस, सबब बिअर. आता कॅन्ससमध्ये तेव्हा रविवारी दारूची दुकानं बंद, क्लबाचं सभासद झाल्याशिवाय कुठे ग्लासभर मिळत नसे, आणि किराणा दुकानात मिळणारी बिअर इतकी पातळ की मेजर तिला "सरकारी ताक" म्हणत. पण त्यांनी हिंमत सोडली नाही. शेतकऱ्यांकडे गेले, मिझुरीत नदीपलीकडच्या जर्मन म्हाताऱ्यांकडे गेले. वर्गातला एक अमेरिकन अधिकारी तळघरात स्वतः बिअर बनवायचा. त्याच्या तळघरात तर मेजर जणू ड्यूटी लागल्यासारखे जात. नोंदी वाचून मला हसू आवरत नसे. "भिजवलेल्या मटकीचं पाणी." "शाळेतला बाक चाटल्यासारखं." शाळेतला बाक यांनी कधी चाटला होता, हे विचारायचं मी टाळलं.

आणि मग संक्रांत आली.

आमचं महाराष्ट्र मंडळ म्हणजे जवळपासच्या गावांतली नऊ कुटुंबं आणि त्यांच्यावर गोडबोलेकाकू. काकू सत्तरीच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. केकमध्ये अंडं असतं म्हणून नातवाच्या वाढदिवसाला शेजारच्या खोलीत बसणाऱ्या. हळदीकुंकू माझ्याकडे होतं आणि मी सगळ्यांना आंबोळ्या कबूल केल्या होत्या. बाहेर बर्फ गुडघाभर. पीठ दोन दिवस ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, देवाला सांगितलं. पीठ ढिम्म. फुगायचं नावच घेईना.

शुक्रवारी संध्याकाळी मेजर त्या अमेरिकन मित्राची घरची बिअर घेऊन आले होते. मी वर साड्यांना इस्त्री करत होते. सकाळी खाली येते तर काय! पातेल्याचं झाकण बाजूला पडलेलं, पीठ ओट्यावरून उतरून फरशीकडे निघालेलं. मला इतका हर्ष झाला की मी ते निपटून काढताना गाणं म्हणत होते.

आंबोळ्या अशा झाल्या की काय सांगू. जाळीदार, हलक्या. गोडबोलेकाकूंनी पाच खाल्ल्या. म्हणाल्या, "सुमन, देशात सुद्धा अशी खाल्ली नाही हो मी. काय हात आहे तुझा!" मी पदर सावरून लाजले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळींत बसलेले मेजर ताडकन उभे राहिले.

"काकू, खरं सांगायला पाहिजे. वहिनींचा हात चांगलाच आहे, पण पीठ आलं ते बिअरनं. बाटलीच्या तळाला जो गाळ बसतो ना, तो मी दोन चमचे घातला. एक नंबर खमीर असतं त्यात. डॉक्टरसाहेबांना विचारून घातलं."

काकूंच्या हातात सहावी आंबोळी होती. त्यांनी आंबोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास चुळा भरत होत्या. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खिडकीतून बर्फ बघत होते.

"खरं कशाला सांगितलंत?" मी सगळे गेल्यावर मेजरांवर अक्षरशः ओरडले. "कुणी विचारलं होतं?"

"वहिनी, मला खोटं बोलायला जमत नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "प्रयत्न केला तर कान लाल होतात."

मंडळानं ठराव केला नाही, पण फोनाफोनी झाली. पाडव्याला मेजरांना बोलवायचं नाही, असं मला सुचवण्यात आलं. अगदी खरं सांगते, त्या आठवड्यात माझं मतही तेच होतं. मी मेजरांना दोन रविवार बोलावलं नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी दार वाजलं. मेजर बाहेर उभे, हातात बाटली नाही, फक्त अण्णांचं पत्र. "आत येत नाही," म्हणाले. "पण हे मराठीत मोठ्यानं वाचायला दुसरं कुणी नाही. इथं दारात वाचलं तर चालेल का?"

मी त्यांना आत घेतलं, पोळ्या टाकल्या आणि मंडळाला कळवलं की पाडव्याला मेजर असतील, ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये. सगळे आले. गोडबोलेकाकूही आल्या, आणि जाताना मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "ते खमीर तसं नुसतं मिळतं का गं कुठे?"

एप्रिल उजाडला. साताऱ्याच्या डॉक्टरांचे सहा महिने कधीच संपले होते, आणि अण्णा अजून उशीला टेकून नमुने नापास करत होते. फेसाचं प्रकरणही त्यांनी बाद केलं: "फेस नसावा. ताप होता तेव्हा मला." मेजरांचा कोर्स जूनमध्ये संपणार होता. डायरीत अठरा नमुने झाले होते आणि अठराही फुकट. मेजर पहिल्यांदाच नवव्या पोळीला नको म्हणू लागले.

एका रात्री जेवण झाल्यावर आमचे हे बराच वेळ चुळबुळ करत होते. मग उठून गॅरेजमध्ये गेले आणि बर्फ खणायच्या फावड्यामागून एक बाटली घेऊन आले. धुळीनं माखलेली. बिनचिठ्ठीची.

"एका पेशंटनं दिली होती," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "कंबरेचं ऑपरेशन केलं होतं. इटालियन म्हातारी आहे. घरी बनवते. दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं! माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या लोणच्याच्या बरण्यांपासून चार फुटांवर! पण मेजर माझ्यापेक्षा जास्त हादरले होते. त्यांनी बूच काढलं. व्हिनेगर झालं होतं.

तरी मेजरांनी दोन घोट घेतलेच. डोळ्यांत पाणी आलं, व्हिनेगरनं की कशानं देव जाणे. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही म्हातारी राहते कुठं?"

ती राहत होती तीन तासांवर, दक्षिणेला, जिथे पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणीत काम करायला इटलीहून माणसं आली होती. ह्यांना शनिवारी इस्पितळ. मेजर नमुना घेऊन गाडी चालवणार नाहीत. उरलं कोण? मी. मी, जिनं संक्रांतीला मेजरांना घराबाहेर काढलं होतं, ती मी पदर खोचून गाडी चालवत एका परपुरुषाला दारू चाखायला घेऊन निघाले. माझ्या आईला कळलं असतं तर ती पुण्याहून चालत आली असती.

म्हातारीचं नाव रोझा. मी मनात तिला रोझाबाई म्हणू लागले, कारण ती दारात आली तीच कमरेवर हात ठेवून. काळा झगा, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत पण तरातरा चालणारी. तळघरात गेलो तर मी थांबलेच. भिंतभर बरण्या. टोमॅटो, वांगी, मिरच्या, सगळं ओळीनं, वरून फडकी बांधलेली. एका कोपऱ्यात दोन लाकडी पिंपं. द्राक्षं परसातलीच, म्हणाली. नवऱ्यानं लावलेले वेल.

तिनं जॅमच्या रिकाम्या बरणीत वाइन ओतून मेजरांच्या हातात दिली. काळीभोर. मेजरांनी सवयीप्रमाणे ती दिव्यासमोर धरली आणि नाकाशी नेली, तर रोझाबाईनं त्यांच्या हातावर चक्क चापट मारली. "वास नाही घ्यायचा! प्यायची!"

भारतीय सैन्यातल्या मेजरला! मेजर निमूटपणे प्यायले. पहिला घोट. दुसरा घोट. डायरी काढायला हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तिसरा घोट घेतला. चौथा घेतला. अख्खी बरणी रिकामी केली आणि ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

मी इतक्या महिन्यांत कधी घाबरले नाही तेवढी त्या क्षणी घाबरले.

मेजरांनी टाचा जुळवल्या, ताठ झाले, आणि रोझाबाईला "ग्रात्सिए" म्हणाले. इटालियनमधलं "आभारी आहे". वाचनालयातून पुस्तक आणून त्यांनी तो एकच शब्द पाठ केला होता. थोडं थांबून त्यांनी तो पुन्हा म्हटला, पहिल्यापेक्षा हळू. एकाच बरणीचे दोनदा आभार का, हे रोझाबाईला कळलं नसावं. मला कळलं, आणि मी उगाच मिरच्यांच्या बरण्या बघू लागले. तिनं कागदात गुंडाळून दोन बाटल्या दिल्या, एक डॉलरही घेतला नाही, आणि मेजरांना आणखी थोडं जाड व्हायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर मेजर बाटल्या मांडीवर घेऊन बसले होते, बाळ घेतल्यासारखे. मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? कळवा आता अण्णांना." त्यांनी बाटल्यांवरचा कागद नीट केला. तासाभरानं म्हणाले, "वहिनी, जरा थांबता का कुठं?"

रस्त्याकडेला झाडाखाली लाकडी टेबल-बाकं होती, तिथे थांबलो. मेजरांनी हवाईपत्र काढलं. "नमुना क्रमांक एकोणीस" लिहिलं. पुढे पेन चालेना. वारा कागद उडवत होता म्हणून मी एक कोपरा धरून बसले.

"काय झालं?"

"तीच आहे," ते म्हणाले. "अण्णा सांगत होते अगदी तशीच. वहिनी, हे जर लिहिलं तर..." आणि मग या एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज सातारच्या गावातल्या पोराचा झाला. "त्येंनी सांगितलंय, एक घोट घेतला की मी मोकळा. डॉक्टरनी सहा महिने दिलेले, नऊ झाले. कशावर तग धरून बसलेत ते? पोस्टमनवर. पुढचा नमुना काय येतोय, त्यो नापास कसा करायचा, ह्यावर. सापडली म्हणून कळवलं तर ते निवांत होतील हो. मी पोचायच्या आधी निवांत होतील. जूनपर्यंत थांबाय पाहिजेत. मग मी माझ्या हातानं पाजतो."

कागदाचा कोपरा मी अजून धरूनच होते.

"म्हणून हिला नापास करायचं," मेजर म्हणाले. "पण कारण सुचत नाही. मला हिच्यात काही खोट दिसतच नाही." आणि खरंच, नुसत्या विचारानंच त्यांचे कान लाल झाले होते.

मी इकडेतिकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. दोष काढण्यात मी आजवर कुठे कमी पडले नव्हते. सासूबाईंच्या पुरणात काढला होता, ह्यांच्या बहिणीच्या रांगोळीत काढला होता. पण चव घेतल्याशिवाय दोष काढायचा हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी म्हटलं, "आणा इकडे."

"वहिनी?"

"आणा म्हणते ना. कामावर आहे मी."

गाडीतल्या थर्मासच्या झाकणात त्यांनी थोडी ओतली. मी डोळे मिटले, आईची मनोमन माफी मागितली आणि एक घोट घेतला. कान गरम झाले, घसा तुरट झाला, आणि मग, सांगायला लाज वाटते, पण चांगली होती. फार चांगली होती. मला चाळीस वर्षांमागचा कुणी तापानं फणफणलेला पोरगा दिसला, आणि चुलीवर वाळणारे मोजे.

"लिहा," मी म्हटलं. "बरी आहे, पण मागाहून करपलेल्या फोडणीसारखी लागते."

त्यांनी लिहिलं. आम्ही वाटेत पत्र पेटीत टाकलं. मात्र त्याआधी मी त्या बाकावर घड्याळ लावून तासभर बसले, कारण एक घोट घेतलेल्या बाईनं गाडी चालवावी की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि पोलिसानं अडवलं असतं तर मी त्याला कुठून सुरुवात करून सांगितलं असतं?

उत्तर मेच्या मध्यावर आलं. मेजर ते न फोडता घेऊन आले. मी पोळ्या लाटत होते. त्यांनी ओट्यापाशी उभं राहून पाकीट फोडलं, मनातल्या मनात वाचलं, आणि कधी नव्हे ते मोठ्यानं न वाचता माझ्या हातात दिलं. मी पीठ पुसून वाचू लागले.

"चि. आनंदास आशीर्वाद. नमुना क्रमांक एकोणीस. मागाहून करपलेल्या फोडणीसारखी लागते असं लिहितोस. हे कारण तुझं नव्हे. फोडणी करपली तर तुला कळत नाही, तू तशीच खातोस. हे कोणा बाईमाणसाचं आहे. लहानपणीही खोटं बोलायचं झालं की तू शेजारच्या काशीवहिनीला पुढं करत होतास. तेव्हा ही एकोणीस नंबरची तीच, असं मी समजतो. घाई करून येऊ नकोस. कोर्स पुरा कर. जूनपर्यंत मी थांबतो. फोडणीवाल्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

मी वर पाहिलं. मेजर खाली फरशीवर बसले होते, भिंतीला टेकून, लांबच लांब पाय पसरून, आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडत होते. मला पण रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडायची ती वेळ नव्हती. मी तवा उतरवला, चहाचं आधण ठेवलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि त्यांना हवा तेवढा वेळ मिळावा म्हणून आलं जरा जास्तच किसलं.